मोजणीत नसलेला गोलकीपर

“मी सोडलं म्हणतोय ना, कोच. तुमचा शब्द मी परत केला. मिटलं.”

“तुला कधी दिला होता मी शब्द?” स्कंदेर म्हणाला. “तुझ्या बापाला दिलाय. त्यानं परत केला तर मिटेल.”

प्रिश्टिनातल्या हॉटेलच्या गच्चीवर सकाळचे साडेआठ वाजले होते. दोघांच्या मध्ये माकियातो कॉफीचे दोन पेले होते. स्कंदेर गेली पाच मिनिटं चमचा ढवळत होता, आणि साखरेची पुडी अजून न फाडलेली बशीत पडून होती. खालच्या गल्लीतून भाजलेल्या मिरच्यांचा वास वर येत होता. सप्टेंबर होता, आणि सप्टेंबरात कोसोवोत लाल मिरच्यांची पोती उतरली नाहीत असं अंगण नसतं.

संध्याकाळी सहाला देशाचा सामना होता. लिरिम हा संघाचा तिसरा गोलकीपर. वय चौतीस. जन्म स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. आठवडाभर लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा आणि शनिवारी तिथल्याच एका खालच्या श्रेणीतल्या क्लबाचा गोल सांभाळायचा, असं त्याचं आयुष्य. आईबापांच्या देशाकडून खेळायचं त्याने ठरवलं तेव्हा फुटबॉलच्या जगात त्या देशाला कुणी देश मानत नव्हतं. बिनपगारी रजा काढून, दीड दिवस बसमध्ये आखडून बसून तो यायचा आणि खेळून जायचा. असे अकरा सामने झाले. ना ध्वज, ना राष्ट्रगीत. ते अकराही सामने कुठल्या नोंदीत नाहीत. पुढे मान्यता मिळाली, आणि मान्यतेबरोबर जिथे जिथे कोसोवोची माणसं पांगली होती तिथून चांगली चांगली पोरं आली. लिरिम बाकावर सरकला. तिथेच दोन वर्षं गेली. मधल्या काळात डाव्या गुडघ्यावर दोनदा सुरी फिरली. आजचा सामना आपला शेवटचा, असं त्याने स्वतःच कळवून टाकलं होतं.

संघ पुढे असला तर शेवटची दहा मिनिटं लिरिमला उतरवायचं, हे ठरलेलं होतं. पण काल संध्याकाळी रिनोरच्या बापाचा फोन आला.

रिनोर एकोणीस वर्षांचा, दुसरा गोलकीपर, तोही तिकडेच जन्मलेला. परवा स्वित्झर्लंडचा संघ जाहीर होणार होता आणि त्यात त्याचं नाव असणार होतं. मोजला जाणारा एक सामना एका देशाकडून खेळला की माणूस कायमचा त्या देशाचा, दुसरीकडे जाता येत नाही, असा तेव्हाचा नियम. रिनोरने स्कंदेरला तोंडावर सांगितलं होतं, “आज उभं केलं तर मी इथला. नाही केलं तर मी जातो. वाट बघायला मला येत नाही.”

“दोघांनाही उतरवा की,” लिरिम म्हणाला.

“एका सामन्यात तीन गोलकीपर? सर्कस आहे का?” स्कंदेरने चमचा खाली ठेवला. “चल, गाडीत बस. तुझ्या घरी जाऊन येऊ. दोनच्या बैठकीआधी परतायचंय.”

“सामन्याच्या दिवशी?”

“सामन्याच्या दिवशी.”

गाव पोदुयेवाच्या पलीकडे. एरवी पाऊण तासाचा रस्ता, पण बाजाराचा दिवस होता आणि मिरच्यांचे ट्रॅक्टर हलायला तयार नव्हते. स्कंदेरचा फोन सारखा वाजत होता. महासंघाचे अध्यक्ष. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

“हो. हो. चाललोय त्याच कामाला. नाही, असा मोडता येत नाही, साहेब. नऊ माणसांसमोर दिलाय. तुम्ही दिला असतात तर मोडला असतात का? मग.”

फोन त्याने सीटवर टाकला. लिरिम खिडकीबाहेर बघत होता. बाबा काय म्हणतील हे त्याला ठाऊक होतं. आपल्याला काय हवंय ते मात्र त्याला नीट सांगता आलं नसतं. दहा मिनिटं हवी होती, हे खरं. गेली दोन वर्षं झोपताना तो तीच दहा मिनिटं खेळत होता. कधी एखादा उंच चेंडू पकडायचा, कधी नुसताच उभा राहायचा.

अंगणात आई चुलीपाशी बसून मिरच्या उलटत होती. बोटं काळी झाली होती. गाडीतून कोण उतरतंय हे बघून तिने एप्रनला हात पुसले आणि आधी लिरिमच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग स्कंदेरकडे बघून म्हणाली, “आज इकडे कसे? बरं आहे ना सगळं?”

“बरं आहे, नाफियेकाकू. काकांना भेटायला आलो.”

बैठकीच्या खोलीच्या दाराशी स्कंदेरने बूट काढले. लिरिमने ते उचलून टाचा दाराकडे करून ठेवले, निघताना पाहुण्याला सोपं जावं म्हणून. घरातल्या धाकट्याचं ते काम. चौतिसाव्या वर्षीही या घरात धाकटा तोच होता.

लिरिमचा बाप झुमेर खिडकीखालच्या गादीवर बसला होता. एकाहत्तर वर्षं. पांढरी लोकरी टोपी. सव्वीस वर्षं परदेशात बोगदे खणून आलेले दोन रुंद पंजे मांडीवर ठेवलेले. शेजारचा तहीर आधीच येऊन बसला होता. गावात गाडी शिरली की तहीरला ती आवाजावरून कळायची.

“थकलात का?” झुमेरने रीतीप्रमाणे विचारलं.

“नाही, बरे आहोत. तुम्ही थकलात का?”

“आम्ही कशानं थकणार. घरचे बरे?”

“बरे. तुमचे?”

“बरे. पोरंबाळं?”

“बरी आहेत. तब्येत कशी काका?”

“चालतेय. भावाची मंडळी?”

स्कंदेरच्या खिशात फोन थरथरत होता. झुमेरने भावाची, मेहुण्याची, आईची, एकेकाची चौकशी केली. घाई केली नाही. तंबाखूचा डबा पुढे सरकवला. इतका सावकाश तो एरवी कधी नसे, आणि ते बघून लिरिमच्या लक्षात आलं की बाबांनी गाडी दारात थांबतानाच सगळं ओळखलंय.

लिरिमने कॉफी केली. लांब दांड्याच्या पितळी भांड्यातून तीन लहान कप भरले, आधी पाहुण्याला, मग तहीरला, मग बाबांना, आणि स्वतः दाराजवळच्या गादीवर बसला. दोन वर्षांपूर्वीही तो इथेच बसला होता. त्या दिवशी नऊ माणसं होती. मान्यता नुकतीच मिळाली होती, आणि स्कंदेर त्याला मागायला आला होता. तिसरा गोलकीपर म्हणून येऊ दे, नव्या पोरांना वळण लावेल, भाषा शिकवेल, म्हणत होता. बाबा म्हणाले होते, माझ्या पोरानं न मोजलेले अकरा सामने दिलेत, त्याला मोजलेला एक देणार असशील तर ने. कॉफी छान झाली होती, सगळ्यांना गहिवर आला होता. स्कंदेरने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, “बेसा, झुमेरकाका. हातमोजे उतरवायच्या आधी एकात तरी तो उभा राहील.” ज्याच्या आयुष्याबद्दल हे चाललं होतं तो तेव्हा कप गोळा करत होता.

आज तहीरने कॉफीचा घोट घेतला. झुमेरने घेतला. स्कंदेरने कप स्वतःसमोर बशीत ठेवला आणि हात मागे घेतला.

पाहुणा कॉफीला शिवत नाही तेव्हा तो काहीतरी मागायला आलेला असतो, आणि मिळेपर्यंत शिवणार नसतो. झुमेरने त्या कपाकडे बघितलं. वाफ निघत होती.

“पी की,” तो म्हणाला.

“पिईन, काका. मी एक मागायला आलोय. दिलंत की पिईन.”

“बोल.”

स्कंदेरने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. रिनोरचं वय, परवाची यादी, कालचा फोन. शेवटी म्हणाला, “मी शब्द मोडायला आलेलो नाही. तुमच्या हातात आहे. परत केलात तर घेईन. नाही केलात तर संध्याकाळी लिरिम उतरेल.”

“शब्द म्हणजे काय शेजारणीनं नेलेली परात आहे? काम झालं की परत आणून द्यायला?”

“नाही, काका.”

“ते पोरगं चांगलं आहे?”

“फार चांगलं आहे.”

“माझ्यापेक्षा चांगलं आहे, बाबा,” लिरिम दाराजवळून म्हणाला. “पंधरा वर्षं गोलाची काळजी नाही.”

“तुला कुणी विचारलं?” झुमेरने त्याच्याकडे न बघता म्हटलं. मग स्कंदेरकडे वळला. “सव्वीस वर्षं मला लोक विचारायचे, कुठला रे तू? मी सांगायचो ते गाव त्यांना कळायचं नाही. मग मी युगोस्लाव म्हणायचो. दरवेळी. सोपं पडायचं म्हणून. ह्यानं मात्र कधी म्हटलं नाही. शाळेत मार खाल्लान् पण नाही म्हटलं. आता कुठल्या तरी कागदावर ह्याचं नाव आणि ह्या देशाचं नाव एका ओळीत येऊ दे. एक ओळ. जास्त मागतोय का मी?”

“नाही.”

“मग?”

स्कंदेरने खाली बघितलं. कपावरची वाफ थांबली होती. तहीरने खाकरून म्हटलं, “झुमेर, देशाचा प्रश्न आहे रे.”

“देशाला म्हणावं अकरा वेळा चिखलात उभा राहिला तेव्हा कुठं होतास.” झुमेरने डबा बंद केला. “मी संध्याकाळी येतोय, स्कंदेर. त्या दिवशीचे नऊही जण येतोय. तहीरची व्हॅन आहे.”

स्कंदेर उठला. कप होता तसा भरलेला राहिला. बाहेर आई वाटेत आडवी आली. तिने पावात भाजलेली मिरची आणि चीज घालून कागदात गुंडाळलं होतं. “आतलं तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “हे खा. रिकाम्या पोटी ओरडाल पोरांवर.”

परतीच्या वाटेवर स्कंदेरने तो पाव सगळा खाल्ला. बोटं पुसून म्हणाला, “पुढे असलो तर ऐंशीच्या आसपास. तयार राहा.”

“बरं.”

“तुझ्यावर राग नाही माझा.”

“माहितेय.”

पोदुयेवा मागे पडल्यावर तो पुन्हा म्हणाला, “थोडा आहे.”

सामन्याआधी तासभर दोघे राखीव गोलकीपर मैदानात उतरले. लिरिम चेंडू मारायचा, रिनोर अडवायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. सुरुवातीला रिनोरला इथल्या भाषेत मोजून वीस शब्द येत होते, आणि त्यातले निम्मे शिव्या होत्या, आजीकडून शिकलेल्या. बाकीचे लिरिमने शिकवले. ‘माझा’, ‘सोड’, ‘मागे माणूस’. गोलकीपरला एवढे पुरतात.

“दादा,” रिनोर चेंडू परत फेकत म्हणाला, “आज तू उभा राहणार. बाबांना अध्यक्ष सांगितला.”

“अध्यक्षांनी सांगितलं.”

“तेच. मी रागवलो नाही. तू अकरा खेळला, मला ठाऊक. पण उद्या माझा विमान.” त्याने हातमोजे घट्ट केले. “तिकडे खेळीन ना, तर तुझ्यासमोर कधीतरी येईन. तू बाकावर असशील, मी हात करीन.”

“मी बाकावर नसेन. मी विंटरथूरला कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत करत असेन.”

“मग टीव्हीवर.”

लिरिमने जोरात एक खालून कोपऱ्यात मारला. रिनोर पडला, आणि चेंडू त्याच्या हातात असा राहिला की जणू तिथेच ठेवलेला होता. लिरिमला तसा चेंडू कधी धरता आला नव्हता. तो अडवायचा, ढकलायचा, कधी तोंडाने थांबवायचा. धरायचा नाही. स्वतःच्या हातांबद्दल त्याची कधीच फसगत झाली नव्हती.

गॅलरी भरत आली होती. मधल्या भागात, बाकाच्या बरोबर मागे, नऊ माणसं एका रांगेत बसली होती. मधोमध पांढरी टोपी.

त्रेसष्टाव्या मिनिटाला गोल झाला. एक-शून्य. लोक नाचले, बाकावरचे सगळे उठले, लिरिमही उठला. बरोबरीत राहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. आता घड्याळाकडे बघणं आलं. सत्तर. पाहुण्या संघाने चेंडू खांबावर मारला. पंचाहत्तर. स्कंदेर रेषेवर उभा होता, मागे वळून बघत नव्हता. अध्यक्ष खुर्चीतून उठून दोनदा आत गेले आणि दोनदा बाहेर आले. रिनोर लिरिमच्या शेजारी बसून नखं खात होता.

ऐंशीव्या मिनिटाला स्कंदेर वळला.

“लिरिम.”

कपडे सांभाळणारा म्हातारा बायराम आधीच बारा नंबरचा सदरा घेऊन उभा होता. त्या अकरा सामन्यांचा चिखल यानेच धुतला होता, एकदा तर ओढ्यावर. “दोन वर्षं इस्त्री करतोय ह्याला,” तो म्हणाला, “एकदा घामेजला नाही मेला. जा आता.” त्याने हातमोजे पुढे केले.

लिरिम रेषेवर आला. चौथ्या पंचाने पाटी तयार धरली. लाल आकड्यात एक, हिरव्या आकड्यात बारा. आता चेंडू एकदा बाहेर गेला की झालं.

चेंडू बाहेर जाईना.

पाहुणे दाबत होते. उजवीकडून मारला, अडवला. डावीकडून आला, डोक्याने परतवला. एक मिनिट झालं. लिरिम उभा होता. हातमोज्यांच्या आत तळवे भिजले होते. मागून तहीरचा आवाज आला, “शात्सी, झोपू नको रे आत जाऊन.” परदेशातून सुट्टीला येणाऱ्या पोरांना गावात शात्सी म्हणत. लहानपणी या शब्दावरून त्याने दोघांचे दात हलवले होते. त्याला हसू आलं. मग हसू गेलं.

दोन मिनिटं होत आली. त्याने बाकाकडे नजर टाकली. रिनोरने नखं खाणं थांबवलं होतं. तो मैदानाकडे बघत नव्हता, लिरिमकडे बघत होता, आणि त्या नजरेत हेवा नव्हता. सामना संपल्यावर कुणाला काय म्हणून निरोप द्यायचा ते मनात जुळवत असल्यासारखा त्याचा चेहरा होता, भाषेत अडखळणाऱ्या माणसाचा. लिरिमने मान परत वळवली. गोल समोर होता, ऐंशीएक पावलांवर. दोन वर्षं मनात जी दहा मिनिटं तो खेळला, त्यात त्याला नेहमी कुणीतरी हाक मारायचं ते त्याच्या हातांसाठी. आत्ता हाक आली होती ती एका गार झालेल्या कपासाठी. तरीही पाय पुढे जायला आसुसले होते. हे त्याने पुढे कधी नाकारलं नाही.

चेंडू बाहेर गेला. शिट्टी झाली. पाटी वर गेली, आणि लाउडस्पीकरवर त्याचं नाव आलं, आडनावासकट. मागे नऊ माणसं उभी राहिल्याचा आवाज झाला.

लिरिमने पाऊल उचललं, आणि रेषेच्या अलीकडेच उजवा गुडघा धरून खाली बसला.

चौथा पंच वाकला. डॉक्टर धावत आला. “दुखतंय,” लिरिम म्हणाला, “टेकवत नाही.” स्कंदेर जवळ आला आणि त्याच्याकडे बघत राहिला. एवढ्या जवळून इतका वेळ कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले.

“कोच, चेंडू थांबलाय,” तो दातांमधून म्हणाला. “बघत काय बसलात.”

स्कंदेर सरळ झाला. “रिनोर,” तो म्हणाला.

सदऱ्याची बाही उलटी, नाडी सुटलेली, असा रिनोर धावत आला. लिरिमने जमिनीवर बसल्या बसल्या त्याच्या बुटाची नाडी बांधली. दोन गाठी मारल्या. “वारा डावीकडून आहे,” म्हणाला. “उंच आला तर ओरड. काय ओरडायचं?”

“माझा.”

“जा.”

आठ मिनिटं आणि वरची चार. रिनोरकडे चेंडू तीनदा आला. पहिला मागे दिलेला पास होता, तो त्याने लांब मारला. दुसरा त्याच्या हातून निसटला, पूर्ण मैदानाने श्वास रोखला, आणि त्याने पडून तो पोटाखाली घेतला. तिसऱ्या वेळी, शेवटच्या मिनिटाला, उंच चेंडू गोलासमोर आला तेव्हा सगळ्या गोंगाटातून लिरिमला त्याचा शब्द स्पष्ट ऐकू आला. मग शिट्टी झाली. सगळे आत धावले. लिरिम लंगडत गेला. कुठल्या पायाने लंगडायचं ते त्याला एक क्षण आठवावं लागलं.

मागे वळून बघितलं तेव्हा रांगेतली आठ माणसं नाचत होती. पांढरी टोपी घालून एक माणूस बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी गेला. बैठक भरली होती. बूट दाराबाहेर पसरले होते. तो वाकून ते सरळ करायला लागला तर आतून बाबांची हाक आली, “राहू दे. आत ये.”

तो आत आला आणि सवयीने दाराजवळ बसायला लागला.

“वर बस,” झुमेर म्हणाला. खिडकीखालची स्वतःची गादी रिकामी ठेवून तो स्वतः दाराजवळ बसला होता, पितळी भांड्यापाशी. माणसांनी एकमेकांकडे बघितलं. लिरिम वर जाऊन बसला. या भिंतींचा गिलावा त्याने स्वतः एका उन्हाळ्यात केला होता, पण या जागेवरून खोली कशी दिसते हे त्याला माहीत नव्हतं.

“थकलास का?” तहीरने विचारलं.

“नाही. तुम्ही?”

“आम्ही ओरडून थकलो. गुडघा स्विस डॉक्टरांनी बनवलेला म्हणे तुझा. घड्याळं तरी नीट बनवतात का रे ते?”

सगळे हसले. दुसरा कुणी म्हणाला, स्कंदेरनं मात्र शब्द राखला, नाव पुकारलं, आम्ही कानांनी ऐकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नशीबच नव्हतं, म्हणाले. आता ते दुसरं पोरगं तरी आपलं झालं.

आई आत आली. राकीच्या दारूत भिजवलेलं फडकं आणि पट्टी घेऊन ती लिरिमच्या पायाशी बसली, विजार वर सरकवली, आणि नेहमीप्रमाणे, दोन्ही शस्त्रक्रियांनंतर करायची तशी, डावा गुडघा बांधायला लागली. लिरिमने पाय पुढे केला. बांधू दिलं.

“नाफिये,” झुमेर दाराजवळून म्हणाला, “कालपासून उजवा दुखतोय त्याचा.”

तिचे हात थांबले. तिने लिरिमकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. बाकीचे बोलण्यात गुंतले होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने पट्टी सोडली, आणि उजव्या गुडघ्याला बांधली. घट्ट बांधली.

झुमेर उठला. त्याने एकेकासमोर कप ठेवला. पहिला लिरिमसमोर ठेवला. त्याचे रुंद पंजे लहान कपाला सवयीचे नव्हते, बशीत थोडी सांडली. परत जाऊन तो आपल्या जागी बसला.

सगळ्यांनी कप उचलले. लिरिमने उचलला नाही. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. बोलणं हळूहळू कमी झालं. तहीरने कप तोंडाशी नेलेला तसाच धरला आणि बापाकडे बघितलं, मग लेकाकडे.

झुमेर त्या कपाकडे बघत होता. वाफ सरळ वर जात होती. बाहेर कुणीतरी मिरच्यांची दुसरी खेप चुलीवर टाकली, आणि ती तडतडलेली आतपर्यंत ऐकू आली. वाफ बारीक झाली.

“पी,” झुमेर म्हणाला. “गार होतेय.”

लिरिमने कप उचलला.